मोटारीच्या दिव्यांवरील काळी फिल्म

या सदराचा एक नियम आमच्या नेहमींच्या वाचकांस ठाऊक आहे. जें काम आम्हीं आपल्या हातांनीं केलें नाहीं, त्याची कृति येथें द्यावयाची नाहीं. या नियमापायीं कित्येक मनोरंजक विषय आम्हांस सोडून द्यावे लागले. परंतु पंपाच्या वायसरापासून पेटीच्या भात्यापर्यंत जें जें आम्हीं लिहिलें, तें आमच्या पडवींत आधीं घडून गेलेलें होतें. गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकीं तीन पत्रांत एकच प्रश्न आहे. घरांतील तरुण मंडळी मोटारीच्या दिव्यांवर काळसर फिल्म लावूं म्हणतात, दुकानदार मजुरी भारी सांगतात, तर हें काम घरीं होण्याजोगें आहे काय? उत्तर एका शब्दांत द्यावयाचें तर, आहे. आम्हीं तें केलें आणि चांगलें केलें. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आंत त्याच हातांनीं तें काढूनहि टाकलें. दोन्ही हकीकती घडल्या त्या क्रमानें सांगतों.

आमच्या वडील बंधूंचे चिरंजीव यंदां अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षांत आहेत. श्रावणांतील एका रविवारीं त्यांनीं फिल्मची एक गुंडाळी आणून आमच्यापुढें ठेविली आणि "काका, तुमच्याशिवाय हें नीट होणार नाहीं," असें म्हटलें. आमच्यासारख्या माणसास एवढी स्तुति पुरे होते. खिडक्यांच्या कांचांवर काळी फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं मनाई केली होती, याचें आम्हांस स्मरण झालें व तें आम्हीं बोलूनहि दाखविलें. "तें खिडक्यांचें, काका, हे तर दिवे," असें उत्तर मिळालें, आणि तें आम्हीं मुकाट्यानें पटवून घेतलें. पुढच्या दिव्यांस मात्र हात लावावयाचा नाहीं, असें आम्हीं बजावून सांगितलें. आपल्याला रस्ता दिसला पाहिजे ना! तेव्हां मागचे तेवढे दोन दिवे काळे करावयाचे ठरले. आपल्या या शहाणपणाचें त्या दिवशीं आम्हांस कौतुक वाटलें होतें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

कृति अवघड नाहीं. गाडी सावलींत उभी करावी. उन्हानें तापलेल्या दिव्यावर फिल्म ठेवतांच चिकटून बसते व मग सरकत नाहीं. दिवा प्रथम साबणाच्या पाण्यानें धुवावा, कडेच्या खांचींतील माती जुन्या दांतांच्या ब्रशानें काढावी, आणि सूत न सुटणाऱ्या फडक्यानें कोरडा करावा. येथें घाई केली तर पुढें पश्चात्ताप होतो, कारण धुळीचा एक कण राहिला तरी फिल्मखालीं पुटकुळी उठते व ती कायमची राहते. पाण्याची पुटकुळी तशी नव्हे. ती दोन-चार दिवसांत आपोआप सुकून जाते. फिल्म दिव्याच्या मापाहून चोहोंकडून दोन बोटें मोठी कापावी. झाडांवर पाणी मारण्याच्या बाटलींत पाणी घेऊन त्यांत शांपूचे चार थेंब टाकावे, आणि दिवा व फिल्मची चिकट बाजू अशीं दोन्हीं भरपूर भिजवावीं. ओल्या दिव्यावर फिल्म हवी तशी सरकवितां येते. मग मधून कडेकडे रबरी पट्टीनें पाणी निपटीत जावें. पट्टीस मऊ फडकें गुंडाळलें म्हणजे ओरखडे पडत नाहींत. दिव्याचा बाक जेथें वळतो तेथें फिल्मला चुण्या पडूं लागतात. तेथें सूनबाईंचा हेअर ड्रायर मागून आणावा, फिल्म कोमट करावी, आणि दोघांनीं दोन टोकें धरून हलक्या हातानें ताणावी. एकट्यानें हें होत नाहीं. उरलेली कड कापतांना पातें दिव्यावर न टेकतां खांचीच्या आंत धरावें, नाहीं तर फिल्मबरोबर दिवाहि चिरला जातो. अलीकडचे दिवे कांचेचे नसून प्लास्टिकचे असतात, व त्यावर उमटलेली रेघ जन्माची राहते. दोन दिवस गाडी धुऊं नये.

साडेतीन तासांत दोन्हीं दिवे झाले. चुणी एकहि नव्हती. राखाडी गाडीच्या पाठीवर ते दोन काळे दिवे इतके शोभून दिसले कीं शेजारचे दोन गृहस्थ मुद्दाम पाहावयास आले. मातुःश्रींचें वय सत्याऐंशी. त्यांनीं पडवींतून सर्व पाहिलें आणि एवढेंच म्हटलें, "अरे, कंदिलाच्या कांचेवर काजळी धरली कीं आम्ही ती रोज तिन्हीसांजेच्या आधीं राखेनें पुसून काढीत असूं. तुम्ही दोघे अर्धा दिवस खपून ती चढवितां आहां!" आम्ही सर्वजण हंसलों.

भाद्रपद शुद्ध द्वितीयेस आम्ही गणपतीसाठीं कोंकणांत गांवच्या घरीं जावयास निघालों. पुण्याहून सातारा, तेथून उंब्रज, पाटण, कोयनानगर करून कुंभार्ली घाटानें चिपळुणास उतरावयाचें, ही आमची नेहमींची वाट. कोयनानगर सोडलें तेव्हां दिवेलागण होऊन गेली होती, पाऊस लागला होता, आणि घाटाच्या तोंडाशीं धुकें उतरलें होतें. चिरंजीव गाडी चालवीत होते व शेजारीं वडील बंधु बसले होते. मागें मातुःश्री, वहिनी, वहिनींच्या मांडीवर पांच वर्षांची नात, आणि दाराशीं आम्ही. घाट उतरतांना एका खड्ड्यांत गाडी आदळली आणि सगळेंच एकदम बंद पडलें. इंजिन, पुढचे दिवे, मागचे दिवे, धोक्याची उघडझांप करणारे दिवे, कांहींहि पेटेना. बॅटरीची तार सैल झाली होती, हें मागाहून कळलें. गाडी उताराच्या वेगानें वळण ओलांडून गेली व डाव्या अंगास गटार असल्यामुळें निम्मी रस्त्यावरच थांबली.

अशा वेळीं रस्त्यावर ठेवावयाचा तांबडा त्रिकोण प्रत्येक गाडींत असतो. आमच्याहि गाडींत होता. पण तो मखराचें सामान, समया आणि दोन ट्रंका यांच्या तळाशीं होता. चिरंजीव व बंधु पुढें झांकण उघडून पाहूं लागले. आम्ही खालीं उतरून मागचें दार उघडून उभे राहिलों व मातुःश्रींस हळूहळू बाहेर घेऊं लागलों. सत्याऐंशी वर्षांच्या माणसास पावसांत, उतारावर, अंधारांत गाडींतून उतरविण्यास किती वेळ लागतो याचा आम्हीं पूर्वीं कधीं विचार केला नव्हता. त्यांचा एक पाय बाहेर आला असतांना वळणावर ट्रकचा उजेड दिसला.

तो उजेड थेट आमच्या गाडीच्या पाठीवर पडला, हें आम्हीं स्वतः पाहिलें. तरीहि ट्रकचा वेग कमी झाला नाहीं. एक क्षण गेला, दुसरा गेला, आणि मग एकदम ब्रेकचा फूत्कार व ओल्या रस्त्यावर चाकें घसरल्याचा आवाज झाला. ट्रक आमच्यापासून आठ-दहा हातांवर तिरपा होऊन थांबला. मातुःश्रींनीं आमचें मनगट धरलें होतें. त्यांच्या बांगडीचा वळ दुसऱ्या दिवशींहि तेथें होता.

ट्रकवाला खालीं उतरला. त्यानें शिव्या दिल्या असत्या तर आम्हीं त्या निमूटपणें ऐकल्या असत्या. परंतु तो स्वतःच थरथरत होता. "काका, गाडी दिसलीच न्हाई," तो म्हणाला, "मागनं कायबी चकाकलं न्हाई बघा." मग त्यानें आपल्या बॅटरीचा झोत आमच्या मागच्या दिव्यावर टाकला, नखानें कड खरवडली आणि चिरंजीवांकडे पाहून विचारलें, "हे काय चिकटवलंया?" चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. आम्हींहि "तें आम्हींच लाविलें," असें सांगितलें नाहीं. ट्रकवाल्यानें आपला त्रिकोण वळणाच्या अलीकडे नेऊन ठेविला, त्याच्या क्लीनरानें पांच मिनिटांत तार आवळून दिली. पैसे घेईनात, वहिनींनीं डब्यांतले लाडू बळेंच त्यांच्या हातांवर ठेविले.

"मागनं कायबी चकाकलं न्हाई" या शब्दांत सर्व विषय आला आहे. मोटारीचा मागचा दिवा आम्ही केवळ दिवा समजत होतों. वस्तुतः त्यांत दोन भिन्न वस्तु एकत्र केलेल्या असतात. एक आंतील बल्ब, जो बॅटरीवर पेटतो. दुसरी वस्तु म्हणजे तांबड्या भागाचा तो चौकटीचौकटीचा तुकडा, ज्यास रिफ्लेक्टर म्हणतात. कांहीं गाड्यांत तो खालच्या बंपरवर वेगळा बसविलेला असतो; आमच्या गाडींत तो दिव्यांतच आहे. त्यास तार नाहीं, बॅटरी नाहीं, कळ नाहीं. खोलीच्या कोपऱ्यांत, जेथें दोन भिंती व जमीन मिळतात तेथें, चेंडू मारला तर तो टप्पे घेऊन मारणाराकडेच परत येतो. या तुकड्यांत असे शेंकडों बारीक कोपरे दाबून घडविलेले असतात. प्रकाश कोठूनहि येवो, तो जेथून आला तेथेंच परत पाठविला जातो. म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकचाच उजेड ट्रकवाल्याच्या डोळ्यांकडे तांबडा होऊन जातो. गाडी मेलेली असली, मालक बेशुद्ध असला, तरी हा तुकडा आपलें काम करीत राहतो. घाटांत बंद पडलेल्या गाडीस त्याचाच काय तो आधार.

आतां त्यावर काळी फिल्म चढविली म्हणजे काय होतें तें पाहूं. आमच्या गुंडाळीवर तीस टक्के असें लिहिलें होतें, म्हणजे शंभर भाग प्रकाशापैकीं तीस भाग ती पलीकडे जाऊं देते. बल्बचा प्रकाश फिल्ममधून एकदांच बाहेर पडतो, तेव्हां त्याचे तीस भाग उरतात. रिफ्लेक्टरचें तसें नाहीं. ट्रकचा प्रकाश आंत जातांना एकदां जकात भरतो आणि बाहेर येतांना पुन्हा भरतो. तीस टक्क्यांचे तीस टक्के म्हणजे नऊ. शंभरांतले एक्याण्णव भाग आम्हीं साडेतीन तास खपून गिळून टाकले होते, आणि एकहि चुणी पडूं दिली नव्हती! पन्नास टक्क्यांची फिल्म लाविली तरी उरतात पंचवीस. पंधरा टक्क्यांची गडद फिल्म असेल तर सव्वादोन, म्हणजे जवळजवळ कांहींच नाहीं. दुकानांतला माणूस फिल्म उजेडासमोर धरून "पाहा, आरपार दिसतें आहे," असें म्हणतो तेव्हां तो खोटें बोलत नाहीं. तो एका फेऱ्याचा हिशेब दाखवितो, दुसऱ्या फेऱ्याची गोष्ट त्याच्या ध्यानांत नसते.

पेटलेल्या दिव्याचेंहि नुकसान थोडें नाहीं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें मागचा तांबडा दिवा १५५ मीटरांवरून दिसला पाहिजे. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत क्षीण होतो, हें आमच्या वाचकांपैकीं शाळकरी मुलांसहि ठाऊक आहे. त्या ढोबळ हिशेबानें, जो दिवा जेमतेम १५५ मीटरांवरून दिसतो त्याचे तीसच भाग ठेविले तर तो सुमारें ८५ मीटरांवरून दिसेल. ताशीं ८० किलोमीटर वेगाच्या वाहनास १५५ मीटर तोडण्यास सात सेकंद लागतात; ८५ मीटरांस चारहि लागत नाहींत. त्यांत पाऊस आणि धुकें यांचा हिशेब अजून धरलेला नाहीं.

गांवाहून परतल्यावर चिरंजीवांनीं आपण होऊन डाव्या दिव्यावरील फिल्म काढली. उजवीहि काढणार तोंच आम्हीं त्यांस थांबविलें, कारण असा प्रयोग पुन्हा करावयास मिळणार नव्हता. रात्रीं गल्लींतले दिवे गेले असतां गाडी बोळाच्या टोकाशीं उभी केली व घरांतील मुलांच्या हातीं एक बॅटरी दिली. येथें एक खुबी आहे. बॅटरी कमरेशीं धरली तर रिफ्लेक्टर मंद दिसतो. ती डोळ्यांच्या अगदीं शेजारीं, कानशिलाला टेकून धरावी, कारण प्रकाश परत येतो तो बॅटरीकडे, आपल्याकडे नव्हे. मुलें पाऊल पाऊल मागें सरूं लागलीं. साठाव्या पावलावर उजवा दिवा नाहींसा झाला. बोळ संपून मुलांची पाठ पलीकडच्या भिंतीस लागली, तरी डावा निखाऱ्यासारखा लाल दिसत होता. मातुःश्री पडवींत बसल्या होत्या. त्या या वेळीं कांहीं बोलल्या नाहींत.

मोटारीचे दिवे मुद्दाम काळे करण्याची पाळी जगावर पूर्वींहि आली आहे. १९३९ च्या १ सप्टेंबरपासून इंग्लंडांत काळोखाचा हुकूम सुटला, मोटारींच्या दिव्यांवर झांकणें बसलीं आणि रस्त्यांवरचे दिवे मालवले. १९३८ सालीं तेथें रस्त्यांवरील अपघातांत ६,६४८ माणसें दगावलीं होतीं. १९४१ सालीं ९,१६९ दगावलीं, आणि तेंहि पेट्रोल मापून मिळत असतां व रस्त्यांवर वाहनें कमी झालीं असतां. त्या देशाच्या इतिहासांत एवढा आंकडा दुसऱ्या कोणत्याहि वर्षीं झाला नाहीं. लोकांनीं मग झाडांचे बुंधे, फूटपाथच्या कडा, मोटारींचे बंपर यांवर पांढरे पट्टे ओढले, कीं कांहीं तरी चकाकावें. आमच्या स्वतःच्या आठवणींत डिसेंबर १९७१ आहे. आम्ही तेव्हां गिरगांवांत लहान होतों. खिडक्यांच्या कांचांवर कागद डकविलेले होते आणि चाळीखालीं उभ्या असलेल्या टॅक्सींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगानें सारवलेला होता. परंतु तेव्हां आकाशांत शत्रूचें विमान येण्याची भीति होती. आमच्या पडवीवर कोणतें विमान येणार होतें?

एका पत्रांत पिवळ्या फिल्मविषयीं पृच्छा आहे. फ्रान्स देशांत १९३६ च्या कायद्यानें मोटारींचे पुढचे दिवे पिवळे असणें सक्तीचें झालें व तो नियम १९९३ पर्यंत टिकला, हें खरें. परंतु पिवळा प्रकाश धुक्यांतून अधिक दूर जातो ही समजूत निराधार आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींच्या मानानें इतके मोठे असतात कीं ते सर्व रंगांस सारखेंच विखुरतात. पिवळ्या फिल्मनें आपल्याच दिव्याचा कांहीं प्रकाश अडतो, एवढेंच काय तें होतें.

ज्यांच्या घरीं काळी फिल्म लागून चुकली आहे, त्यांनीं ती अशी काढावी. हेअर ड्रायरनें कड कोमट करावी. हात ठेवतां येईल इतपतच, अधिक नको. कड सुटली म्हणजे ती दिव्यावर जवळजवळ उलटी दुमडून, सावकाश ओढावी. सरळ समोर ओढली तर फिल्म फाटते व डिंक मागें राहतो. राहिलेल्या डिंकावर खोबरेल तेल लावून घटकाभर ठेवावें, बोटानें चोळून काढावा व साबणाच्या कोमट पाण्यानें धुवावें. रंगवाल्याचा थिनर, पेट्रोल, नखांचा रंग काढण्याचें द्रव्य यांपैकीं कांहींहि दिव्यास लावूं नये. प्लास्टिकला त्यानें केसासारख्या भेगा पडतात व आंतून दिवा दुधाळ होतो. अमोनिया असलेलें कांच पुसण्याचें पाणीहि टाळावें. आणि ज्यांस हौसच पुरवावयाची असेल, त्यांनीं स्वच्छ पारदर्शक फिल्म घ्यावी. ती दगडगोट्यांपासून दिव्याचें रक्षण करते, लावण्याची कृति वर दिली आहे तीच, आणि चुणी न पाडण्याचें समाधानहि तेवढेंच मिळतें. लावून झाल्यावर कानशिलाशीं बॅटरी धरून एकदां पाहावें.

उजवी फिल्म चिरंजीवांनीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं काढली. ती फेंकून न देतां त्यांनीं कॉलेजांत नेली आहे. त्यांच्या मित्रांपैकीं चौघांच्या गाड्यांस तीच फिल्म आहे, असें कळतें. त्यांपैकीं दोघांनीं काढली. त्रिकोण आतां चालकाच्या आसनाखालीं असतो, आणि प्रवासास निघतांना तो तेथें आहे कीं नाहीं हें वहिनी स्वतः वांकून पाहतात.

जुन्या गाड्यांचे पुढचे दिवे उन्हानें पिवळट व खरखरीत झाले असल्यास ते बारीक पॉलिश कागदानें कसे उजळावे, ही कृति पुढील अंकीं देऊं. एका दिव्यावर काम झालें आहे, दुसरा अजून व्हावयाचा आहे.